दूध नसलेल्या घरातली वाढती मुलं: प्रथिनांची काळजी कमी करा, बी-१२ची वाढवा

बाणेरहून एका आईने लिहिलं आहे. नवरा-बायको दोघंही जन्मापासून शाकाहारी. जनावरांचे हाल पटेनात म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी दूध, दही, तूप, पनीर हेही सोडलं. मुलगी सात वर्षांची, मुलगा चौदा महिन्यांचा, अजून अंगावर पितो. सदाशिव पेठेतल्या सासूबाई म्हणतात, दुधाशिवाय पोरं वाढायची कशी? व्यायामशाळेत जाणारे दीर म्हणतात, प्रथिनं कमी पडतील, पावडर सुरू करा. मुलाचं वजन गेल्या दोन-तीन महिन्यांत फारसं वाढलेलं नाही. शेवटी त्या विचारतात, "आम्ही मुलांवर अन्याय तर करत नाही ना?"

लहान मुलांच्या आहाराचं काम मी पुण्यात बरीच वर्षं करते आहे. दूधही न घेणारी घरं पूर्वी क्वचित भेटायची, आता नेहमी भेटतात. त्यामुळे हे उत्तर जरा सविस्तर लिहिते, म्हणजे इतरांनाही उपयोग होईल.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. अन्याय नाही, पण एक अट आहे आणि त्या अटीत सूट नाही. घरातल्या प्रत्येकाने, म्हणजे दोन्ही मुलांनी आणि तुम्ही दोघांनीही, बी-१२ हे जीवनसत्त्व औषधाच्या रूपात नियमित घ्यायला हवं. तुमच्या पत्रात प्रथिनांचा उल्लेख पाच-सहा वेळा आहे, बी-१२चा एकदाही नाही. मला काळजी वाटली ती तिथेच. घरोघरी वाद प्रथिनांवरून होतात, मुलं मात्र अडतात ती बी-१२वरून, लोहावरून आणि अगदी लहान वयात पोटात पुरेशा कॅलरी न गेल्यामुळे.

बी-१२ कोणतीही वनस्पती तयार करत नाही. ते जिवाणू तयार करतात, जनावरांच्या शरीरात साठतं आणि मांस, अंडी, दूध यांतून आपल्यापर्यंत येतं. इडली-डोशाचं आंबवलेलं पीठ, मोड आलेली कडधान्यं, स्पिरुलिना, गव्हांकुराचा रस, घरी लावलेलं शेंगदाण्याचं दही, यांपैकी कशावरही विसंबू नका. स्पिरुलिनाच्या पाकिटावर बी-१२ लिहिलेलं दिसतं, पण त्यातला बराचसा भाग त्याच्यासारखा दिसणारा आणि शरीराला न चालणारा असतो. माळकरी घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मांसाहार नाही, तरी त्यांचं चाललंच ना, असं काही जण विचारतात. त्या घरांत गोठा होता, दूध-दही होतं. आणि तिथेही सगळं सुरळीत होतं असं नाही.

हे मी पुण्याच्याच अनुभवावरून म्हणते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला आणि पुढे त्यांच्या मुलांचाही मागोवा घेतला. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. त्या काही दूध सोडलेल्या बायका नव्हत्या, साधं गावाकडचं जेवण जेवणाऱ्या होत्या. ज्या मातांमध्ये फोलेट (बी गटातलंच आणखी एक जीवनसत्त्व) जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची लक्षणं अधिक दिसली. दूध घेणाऱ्यांची ही गत असेल, तर दूध सोडलेल्या घराने अंदाजावर राहून चालणारच नाही.

फोलेटचा मुद्दा मुद्दाम सांगते. आपल्या डाळी-पालेभाज्यांत फोलेट भरपूर असतं. बी-१२ कमी असलं तरी फोलेट रक्ताची बाजू बराच काळ सांभाळून घेतं, त्यामुळे हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि मज्जातंतूंचं नुकसान मात्र आतून चालू राहतं. त्यात लोहाचीही कमतरता असली, तर तांबड्या पेशींच्या आकारावरूनही काही कळत नाही. म्हणून "सीबीसी (रक्तपेशींची नेहमीची तपासणी) केली, सगळं छान आहे" एवढ्यावर माझं समाधान होत नाही. बी-१२ची पातळी वेगळी तपासायची. मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली आली तर कमतरता नक्की. २०० ते ३०० मध्ये असेल तर होमोसिस्टीनसारखी (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) एखादी तपासणी जोडून बघता येते.

तुमच्या धाकट्याबाबतीत हे आणखी नाजूक आहे. आईच्या दुधातलं बी-१२ आईच्या शरीरातल्या साठ्यावर अवलंबून असतं. दोन वर्षं दूध बंद म्हणजे तुमचं गरोदरपणही त्यातच गेलं. तेव्हा तुम्ही बी-१२ घेत होतात का, हे लिहिलेलं नाही. घेत नसाल, तर बाळाचा साठा जन्मापासूनच तोकडा असू शकतो. बाळाचं वजन थबकणं, खाण्यात रस नसणं, बाळ गप्प-गप्प होणं, हसणं कमी होणं, बोटांच्या पेरांवर काळसरपणा येणं, हात थरथरणं, बसायला-उभं राहायला शिकलेलं बाळ मागे जाणं, ही बी-१२च्या कमतरतेची लक्षणं आहेत. घाबरवण्यासाठी सांगत नाही, वजनाला दुसरी कारणंही असू शकतात. पण हे उत्तर वाचल्यावर आठवडाभर थांबू नका. बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि बाळाची व तुमची, दोघांची तपासणी करून घ्या. वर सांगितल्यापैकी शेवटची दोन लक्षणं असतील तर त्याच दिवशी जा. वेळेवर उपचार झाला तर मुलं फार लवकर उभारी धरतात.

किती द्यायचं? मुलांची रोजची गरज एक-दोन मायक्रोग्रॅमच असते. पण आतडं एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम नीट शोषतं, त्यापुढच्या भागातला साधारण एक टक्काच आत जातो. म्हणून औषधातला आकडा गरजेपेक्षा कितीतरी मोठा दिसतो. त्याने दचकू नका. नेमकी मात्रा वयानुसार आणि तपासणीनुसार तुमचे डॉक्टर ठरवतील. कमतरता आधीच असेल तर सुरुवातीला मोठी मात्रा लागते, कधी इंजेक्शनही. ही गोळी जिवाणूंच्या आंबवणातून बनते, त्यामुळे तुमच्या तत्त्वाला बाधा येत नाही. फक्त कॅप्सूलचं आवरण बऱ्याचदा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांपासून केलेलं, असतं, म्हणून थेंब, सिरप किंवा साधी गोळी मागा.

"फोर्टिफाइड, म्हणजे वरून जीवनसत्त्वं मिसळलेला, तांदूळ आणि आटा आणतो, त्यात असतं ना बी-१२?" असंही मला विचारतात. असतं. पण एका किलो तांदळात ते साधारण एक मायक्रोग्रॅम असतं, आणि सात वर्षांची मुलगी दिवसाला किलोभर भात खात नाही. 'प्लस एफ'चं निळं चिन्ह पाहून माल घेणं चांगलंच, पण त्याने थेंब बंद करता येत नाहीत.

आणि एक माझं स्पष्ट मत. ज्या घराला हे औषध वर्षानुवर्षं न चुकता देणं जमणार नाही, त्या घराने मुलांचं दूध बंद करू नये. मोठ्यांचं तत्त्व मोठ्यांनी पाळावं, मुलांना दोन कप दूध-दही चालू ठेवावं. कपभर दुधातून मुलाला एक मायक्रोग्रॅमच्या आसपास बी-१२ मिळतं. चहातल्या दोन चमचे दुधाने किंवा पातळ ताकाने मात्र हे भागत नाही, हे दूध घेणाऱ्या शाकाहारी घरांनीही लक्षात ठेवावं.

आता प्रथिनं, म्हणजे दिरांची काळजी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे २३ ग्रॅम प्रथिनं लागतात. डाळी-धान्यातली प्रथिनं दुधापेक्षा थोडी कमी पचतात, म्हणून २८ धरू. तुमच्या मुलीचा साधा दिवस पाहा. सकाळी भाजणीची दोन लहान थालीपीठं, ७ ग्रॅम. डब्यात दोन पोळ्या आणि मटकीची उसळ, ११. चार वाजता मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे, ४ ते ५. रात्री घट्ट वरण आणि भात, ८ ते ९. झाले तीस. यात सोयाबीन नाही, टोफू नाही, पावडर नाही. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी असतं, ते धान्य भरून काढतं. वरण-भात, भाकरी-पिठलं, थालीपीठ, आंबोळी-उसळ या जोड्या आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहेत. एकाच घासात दोन्ही हवीत असंही नाही, दिवसभरात आली तरी चालतं.

पण "घट्ट" हा शब्द महत्त्वाचा. वरणाच्या नावाखाली मुलांच्या पानात बहुतेकदा पिवळं पाणी पडतं. मुलीच्या वाटणीला दिवसाला निदान पन्नास-साठ ग्रॅम कोरडी डाळ-कडधान्यं यायला हवीत. घरातली सगळी डाळ महिन्याला किती संपते आणि खाणारे किती, हा भागाकार करून पाहा. बऱ्याच घरांत आकडा तिथेच तोकडा पडतो.

पावडर नको. वाढीची म्हणून विकली जाणारी चॉकलेटी पेयं तर नकोच, त्यांत साखरेचाच भरणा जास्त. सोया चंक्स आठवड्यातून दोन-तीनदा जरूर द्या, त्यांचं निम्मं वजन प्रथिनांचंच असतं. सोयाबीनने मुलांच्या हार्मोनवर परिणाम होतो ही भीती खाण्यातल्या नेहमीच्या प्रमाणाला लागू नाही. मूल थायरॉइडची गोळी घेत असेल तर गोळी आणि सोयाबीन यांत काही तासांचं अंतर ठेवायचं, एवढंच.

बदामाच्या दुधाबद्दलही सांगायला हवं, कारण अनेक घरांत गाईचं दूध थांबलं की त्याच कपात ते येतं. कपभर बदाम-पेयात प्रथिनं साधारण एक ग्रॅम. गाईच्या दुधात सहा-सात, चांगल्या सोया-पेयात जवळपास तेवढीच. भाताचं किंवा ओट्सचं पेयही दुधाची जागा घेऊ शकत नाही. मुलांसाठी घ्यायचंच असेल तर कॅल्शियम, बी-१२ आणि डी मिसळलेलं, साखर नसलेलं सोया-पेय घ्या आणि लेबल वाचून घ्या. वर्षाच्या आतल्या बाळाला यातलं कोणतंही पेय दुधाऐवजी द्यायचं नाही. तिथे आईचं दूध, ते नसेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं सोया फॉर्म्युला.

आता धाकट्याच्या वजनाकडे येते. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण हजार कॅलरी लागतात आणि त्याचं पोट एका वेळी वाटीभरच मावून घेतं. वनस्पतीजन्य अन्न चोथ्याचं, पाण्याचं. ते पोट लवकर भरतं आणि ताकद कमी देतं. तुम्ही लिहिलं आहे की बाळाला वरणाचं पाणी, भाज्यांचं सूप, फळांचा रस आणि पातळ नाचणीची पेज देता. हे सगळं पोट भरणारं पाणी आहे. सूप आणि रस आजपासून बंद करा. वरणाचं पाणी नको, वरण द्या.

त्याच्या प्रत्येक जेवणात एक ते दोन चमचे तेल जायला हवं. तूप घरात नाही, हरकत नाही. शेंगदाण्याचं, तिळाचं, मोहरीचं, कोणतंही घाण्याचं तेल शिजवताना घाला. एका चमच्यात ४५ कॅलरी असतात आणि बाळाच्या पोटात जागा जवळजवळ लागत नाही. या वयात तेलाला घाबरायचं नाही, मेंदूची वाढ स्निग्धांशावर होते. मऊ मुगाच्या खिचडीत दाण्याचं बारीक कूट घाला, उपम्यात नारळाचं घट्ट दूध, पोळीवर तीळ-शेंगदाण्याची गुळगुळीत पेस्ट, केळ्यात खजूर कुस्करून. फुटाण्याचं पीठ किंवा सातूचं पीठ, गूळ आणि तेल मिसळून मऊ लाडू करा. दिवसाला तीन जेवणं आणि मधली दोन खाणी, शिवाय अंगावरचं दूध. स्तनपान दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवायला हरकत नाही, तुमच्या आहारपद्धतीत तर ते जरूर चालू ठेवा.

एक धोक्याची सूचना. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, बदाम देऊ नका. श्वासनलिकेत अडकतात. कूट, पेस्ट किंवा पूड करूनच द्या.

नाचणीबद्दल दोन शब्द. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, धान्यांमध्ये तिला तोड नाही. पण ते बरंचसं तिच्या सालीत असतं. मोड आणून, वाटून, फडक्यातून गाळून केलेलं सत्व सहा-आठ महिन्यांच्या बाळाच्या पोटाला हलकं पडतं, मात्र साल निघून जाते आणि कॅल्शियमही. चौदा महिन्यांच्या मुलाला आता गाळायची गरज नाही. मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं सगळं पीठ वापरा. पेज चमच्यावरून वाहायला नको, चमच्यावर थांबायला हवी.

लोहाकडे तर शाकाहारी, मांसाहारी सगळ्यांनीच लक्ष द्यायला हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. वनस्पतींतलं लोह मुळात कमी शोषलं जातं. डाळी-धान्यातलं फायटेट त्याला धरून ठेवतं, चहातलं टॅनिनही. म्हणून पानात लोह किती आहे यापेक्षा शरीरात किती शिरतं हे महत्त्वाचं, आणि त्याचे उपाय आपल्या सवयींतच आहेत. कडधान्यं भिजवून मोड आणले, पीठ आंबवलं की फायटेट कमी होतं. जेवणात क जीवनसत्त्व असलं की लोह कितीतरी जास्त शोषलं जातं. उसळीवर लिंबू पिळायचं, पोह्यांवर पिळायचं, पिठल्याबरोबर कच्चा कोबी किंवा टोमॅटोची कोशिंबीर, मधल्या सुट्टीत पेरूच्या फोडी. लिंबू भाजीत उकळायचं नाही, वाढताना पिळायचं, नाहीतर क जीवनसत्त्व उष्णतेने जातं.

आजीकडे गेल्यावर मुलगी कोरा चहा-पोळी खाते असं तुम्ही गंमत म्हणून लिहिलं आहे. मला ती गंमत वाटली नाही. पुण्यात कितीतरी मुलांची सकाळ चहा-पोळीने किंवा चहा-बिस्किटाने सुरू होते आणि त्या पोळीतलं लोह वाया जातं. चहा पूर्ण बंद करा. पोळी गूळ-दाण्याच्या कुटाबरोबर द्या, सोबत संत्र्याच्या फोडी.

बाजरीची भाकरी, हुलगे, मटकी, मसूर, तीळ, अळीव, सोयाबीन, राजगिरा हे लोहासाठी फिरते ठेवा. अळिवाचा लाडू बाळंतिणीपुरता नसतो, सात वर्षांच्या मुलीलाही लहानसा द्या. ओलं खोबरं आणि गूळ घालून तो तुपाविना छान होतो. आंबट आमटी लोखंडी कढईत केली तर कढईतलं लोहही उतरतं, फक्त ती लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची. गुळावर मात्र लोहासाठी भिस्त ठेवू नका, शेवटी ती साखरच.

सात ते नऊ वयात दिवसाला १५ मिलिग्रॅम लोह लागतं. दहा ते बारा वयाच्या मुलींची गरज थेट २८ वर जाते, कारण झपाट्याने वाढ आणि मग पाळी. इतकं लोह शाकाहारी ताटातून रोज मिळवणं फार अवघड असतं. शाळा-अंगणवाडीतून मुलांना आठवड्याला एकदा लोह-फॉलिक आम्लाची गोळी मिळते, पाच ते नऊ वयाला गुलाबी, दहाच्या पुढे निळी. चांगल्या शाळेतली मुलं म्हणून ती नाकारू नका. खासगी शाळेत मिळत नसेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. आधी बी-१२ची खात्री करा, कारण त्या गोळीत फॉलिक आम्ल आहे आणि त्याचं बी-१२शी असलेलं नातं वर सांगितलंच आहे. वर्षातून दोनदा जंताचं औषधही द्या. जंत असतील तर लोह कितीही घाला, गळतीच.

कॅल्शियम. मुलीची गरज ६५० मिलिग्रॅम. दूध नसताना ती एका पदार्थाने भागत नाही, जमवावी लागते. नाचणीची लहान भाकरी किंवा आंबोळी, ११० च्या आसपास. दोन-तीन चमचे वाटलेले तीळ, सुमारे सव्वाशे. मूठभर शेवग्याचा पाला थालिपिठात किंवा आमटीत, नव्वद-शंभर. कॅल्शियम मिसळलेलं सोया-पेय एक कप, ब्रँडनुसार दोनशेच्या पुढे. उरलेलं डाळी-पोळ्या-भाज्यांतून. अख्खे तीळ मुलांच्या पोटातून तसेच बाहेर पडतात, म्हणून भाजून वाटा. पालक, चाकवत, राजगिऱ्याचा पाला पौष्टिक खरा, पण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. कॅल्शियमसाठी मेथी, मुळ्याचा पाला, शेवगा बरे. शेवग्याला पैसेही पडत नाहीत, सोसायटीच्या आवारात एखादं झाड असतंच. टोफू घेताना घटकांत कॅल्शियम सल्फेट लिहिलंय का पाहा. असेल तर उत्तम.

डी जीवनसत्त्वासाठी "सकाळचं कोवळं ऊन" दाखवायची पद्धत आहे. त्या उन्हात डी तयार करणारे अतिनील किरण फार थोडे असतात. सूर्य वर आलेला असताना, म्हणजे साडेदहा-अकरानंतर, हातपाय उघडे ठेवून खेळणं उपयोगाचं. काचेआडच्या उन्हाचा उपयोग नाही. पण शाळा त्याच वेळी असते आणि पावसाळ्यात पुण्यावर चार महिने ढग असतात. तेव्हा बहुतेक मुलांना औषध लागतंच. नेहमीचं डी-३ मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनतं. तुम्हाला ते चालणार नसेल तर डी-२ किंवा दगडफुलाच्या जातीच्या शेवाळापासून केलेलं डी-३ मागा.

आणखी दोन गोष्टी झटकन सांगते. मीठ आयोडीनयुक्तच वापरा. सैंधव मिठाची सध्या हवा आहे, पण त्यात बहुतेकदा आयोडीन मिसळलेलं नसतं आणि दूधही नसलेल्या घरात आयोडीनचे दुसरे भरवशाचे स्रोत उरत नाहीत. ओमेगा-३ साठी जवसाची चटणी रोज एक चमचा, तीही वाटलेलीच. तिच्यातून मेंदूला लागणारं डीएचए शरीर फार थोडं बनवतं. परवडत असेल तर शेवाळापासून केलेलं डीएचए तुम्ही स्तनपान चालू असेतो घ्या आणि मुलांसाठी डॉक्टरांना विचारा.

तज्ज्ञांमध्ये या विषयावर एकमत आहे असं मी भासवणार नाही. जर्मनीच्या पोषण संस्थेने २०१६ साली मुलांसाठी पूर्ण वनस्पतीजन्य आहाराची शिफारस नाकारली होती. २०२४ मध्ये त्यांनी भूमिका बदलली, आता त्या वयोगटासाठी बाजूनेही नाही आणि विरोधातही नाही. पोलंडमधला पाच ते दहा वयाच्या मुलांचा २०२१ चा अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. दूधही न घेणाऱ्या मुलांचं वाईट कोलेस्टेरॉल सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतं, ही जमेची बाजू. पण ती मिश्राहारी मुलांपेक्षा सरासरी ३ सेंटिमीटर बुटकी होती आणि हाडांतली खनिजं ४ ते ६ टक्क्यांनी कमी होती. हा एका वेळचा अभ्यास आहे, कारण-परिणाम सिद्ध करत नाही. तरीही सासूबाईंची काळजी निराधार नाही, एवढं त्यातून दिसतं. बी-१२ द्यायलाच हवं, यावर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत आहे.

म्हणून मोजत राहणं आलं. मुलीची उंची दर सहा महिन्यांनी, वजन तीन महिन्यांनी, बाळाचं दोन्ही दर महिन्याला. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते आणि पुढे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते वापरतात. डॉक्टरांकडे असतात, त्याची प्रत मागून घरी ठेवा. एकच आकडा कमी-जास्त असण्याला अर्थ नसतो, मूल आपल्या रेषेवर चाललंय का हे पाहायचं. या वयात मुलीची उंची वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढायला हवी. रेषा खाली उतरायला लागली तर वाट पाहू नका, आणि तेव्हा आपल्या तत्त्वाला फेरविचाराची मोकळीक द्या. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), बी-१२ आणि डी तपासा. मुलीच्या वयाला हिमोग्लोबिन साडेअकराच्या वर हवं. ताप-सर्दीत फेरिटिन खोटं वाढतं, म्हणून बरं झाल्यावर तपासा. खडू, माती, पेन्सिलची टोकं खायची सवय दिसली तर ती लोहाच्या कमतरतेची खूण असू शकते, रागावू नका, तपासा.

सासूबाईंना या सगळ्यात विरोधी पक्षात बसवू नका. भाजणी, मेतकूट, कारळ्याची चटणी, अळिवाचे लाडू, डाळिंब्यांची उसळ, हुलग्यांचं माडगं, तुमच्या मुलांना जे हवं ते सगळं त्यांच्या हातात आहे. "दूध नको म्हणतो" असं सांगण्याऐवजी "दुधाच्या बदल्यात काय-काय घालता येईल" हे त्यांना विचारा. बी-१२चे थेंब रोज द्यायचं कामही त्या तुमच्याकडे राहायला येतात तेव्हा त्यांच्याकडेच सोपवा.

मैत्रिणीच्या वाढदिवसाला मुलीने केक किंवा श्रीखंड खाल्लं तर काय करायचं, असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. मी म्हणेन, खाऊ दे. तुमची कारणं तिला तिच्या वयाला समजतील अशी सांगा आणि बाहेर काय खायचं ते तिला ठरवू दे. घरात ताटावरून धाक बसला की मुलं लपवून खातात आणि जेवणाचीच नावड धरतात, मग ना दूध पोटात जातं ना उसळ.

धाकट्याचं वजन आणि दोघांच्या बी-१२चे आकडे आले की मला कळवा. त्यावरून बाळाचं दिवसभराचं खाणं वेळांसकट लिहून देईन.